सापडेल तेव्हा शेजारी कोण?

२०१५ साली इंग्लंडमध्ये चार महिन्यांच्या अंतराने दोन नाणेनिधी जमिनीतून वर आले. दोन्ही पुरले गेले होते नवव्या शतकाच्या उत्तरार्धात, व्हायकिंग फौजांनी सगळा मुलूख हलवून सोडला होता त्या दिवसांत. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि शेजारच्या मर्सियाचा राजा केओलवुल्फ, दोघांचीही नाणी दोन्हीकडे होती. सापडले तेही मेटल डिटेक्टर घेऊन रानात फिरणाऱ्या हौशी माणसांनाच.

ऑक्टोबरमध्ये ऑक्सफर्डशरमधल्या वॉटलिंग्टनजवळ जेम्स मॅथर या निवृत्त गृहस्थांच्या मशीनने आवाज दिला. खड्ड्यात नाण्यांचा थर दिसताच त्यांनी हात आखडला, पुरातत्त्व नोंदणी अधिकाऱ्याला फोन केला आणि खड्डा पुन्हा बुजवला. काही दिवसांनी तो अधिकारी आला. मातीचा आख्खा गठ्ठा कापून उचलला गेला आणि ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत सावकाश उलगडला. सुमारे दोनशे नाणी, सात दागिने, चांदीच्या पंधरा लगडी. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन म्युझियमने हा निधी साडेतेरा लाख पौंडांना घेतला.

जूनमध्ये हेरफर्डशरमधल्या लेमिन्स्टरजवळ वेल्सहून आलेल्या दोघांना सापडलेला निधी बहुधा याहून मोठा होता. अंदाजे तीनशे नाणी, सोन्याची अंगठी, कडं आणि स्फटिकाचा गोळा बसवलेलं पदक. त्यांनी शेतमालकाला काहीच सांगितलं नाही. दागिने आणि एखाददुसरं नाणं पुढे केलं, बाकीची नाणी लपवून विकायला काढली. मोबाईलमधून पुसलेले फोटो पोलिसांनी परत मिळवले तेव्हा प्रकरण उघड झालं. २०१९ मध्ये एकाला दहा आणि दुसऱ्याला साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. तीनशेपैकी तीसेक नाणी हाती लागली. त्याच निधीतली मानली जाणारी आणखी काही नाणी विकू पाहणाऱ्या दोघांना २०२३ मध्ये तुरुंगात जावं लागलं. उरलेली कुठे आहेत, हे विकणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांनाच ठाऊक.

यातलं नुकसान पैशांपुरतं नाही. या नाण्यांपैकी एका प्रकारावर दोन राजे शेजारी शेजारी बसलेले आहेत आणि वर पंख पसरलेली आकृती आहे. जुन्या रोमन सुवर्णनाण्यावरून उचललेलं हे चित्र आल्फ्रेडनेही छापलं आणि केओलवुल्फनेही. २०१५ च्या आधी अशी दोनच नाणी जगाला माहीत होती, प्रत्येक राजाचं एक. आल्फ्रेडच्या दरबारच्या छायेत लिहिल्या गेलेल्या बखरीने केओलवुल्फला व्हायकिंगांच्या हातातलं मूर्ख बाहुलं ठरवलं होतं. वॉटलिंग्टनमध्ये ही नाणी डझनभर निघाली आणि दिसलं की हे दोघे काही काळ बरोबरीचे मित्रराजे होते. बखरीने एकाचं नाव मागाहून मळवलं. लेमिन्स्टरची नाणी जागच्या जागी मिळाली असती तर हा उलगडा आणखी पुढे गेला असता.

मेटल डिटेक्टिंगमध्ये नव्या माणसाने सोबती कसा शोधावा, हा विषय मला या दोन प्रकरणांमुळे महत्त्वाचा वाटू लागला. लेमिन्स्टरचे दोघे एकमेकांच्या सोबतीनेच गेले होते. मॅथर यांच्याकडे मात्र त्या घटकेला फोन करावा असं एक माणूस होतं.

मी सफोकमध्ये राहते. साखरबीट, गहू, बार्ली, गारगोट्यांनी भरलेली चिकण जमीन आणि खेड्याखेड्यात मध्ययुगीन चर्च असा हा प्रदेश. आमच्या इथल्या मराठी मंडळींत साताऱ्याकडचा एक तरुण आहे. इप्सविचला नोकरी करतो, लहानपणी सुट्टीत गड चढण्याची सवय. त्याच्या बायकोने त्याला वाढदिवसाला डिटेक्टर घेऊन दिला. महिनाभर मशीन खोक्यातच पडून होतं. गणपतीत भेटला तेव्हा म्हणाला, "ताई, यंत्र आहे, पण जायचं कुठे आणि कुणाबरोबर? आपण रंगाने असे. परक्याच्या शेतात एकटा उभा राहिलो तर लोक पोलिसांना बोलावतील." त्याची ही भीती खोटी नव्हती. मी लिहिण्याच्या निमित्ताने त्याच्याबरोबर जायचं ठरवलं.

इंग्लंडमध्ये यंत्र विकत घ्यायला किंवा वापरायला परवाना लागत नाही. पण जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला मालक आहे आणि त्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकणं म्हणजे घुसखोरी. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत मालक हो म्हणाला तरी उपयोग नाही. १९७९ च्या कायद्याने सरकारची वेगळी परवानगी लागते. १९९६ चा ट्रेझर अ‍ॅक्ट सांगतो की तीनशे वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची वस्तू किंवा नाण्यांचा साठा सापडला तर चौदा दिवसांत कॉरोनर या न्यायिक अधिकाऱ्याला कळवायचं. म्युझियमला ती वस्तू हवी असेल तर बाजारभावाने मोबदला मिळतो आणि तो सहसा शोधणारा आणि शेतमालक यांच्यात निम्मा-निम्मा वाटला जातो. २०२३ पासून इतिहासाच्या दृष्टीने असाधारण अशा, दोनशे वर्षांहून जुन्या धातूच्या वस्तूही या कायद्यात आल्या. स्कॉटलंडचा कायदा निराळा आहे, तिथे असं काहीही सापडलं तरी त्यावर हक्क राजसत्तेचा. आयर्लंडमध्ये तर परवानगीशिवाय पुराणवस्तू शोधायला यंत्र फिरवणं हाच गुन्हा.

हे सगळं वाचून कळतं. पण कुठल्या शेतकऱ्याकडे कधी जावं, पेरणी झालेल्या रानात का शिरू नये, फाटक उघडं मिळालं तर उघडं आणि बंद मिळालं तर बंदच का ठेवावं, हे शेजारी चालणारा माणूसच शिकवतो. त्यासाठी क्लब असतात. बहुतेक क्लब नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंग या १९८१ पासूनच्या संघटनेशी जोडलेले आहेत. तिच्या सदस्याला विमा मिळतो आणि विमा नसलेल्या माणसाला शेतकरी सहसा दारात उभं करत नाही.

आम्ही गेलो त्या क्लबची बैठक एका गावाच्या सभागृहात महिन्यातून एकदा भरते. चहाचं मोठं पिंप, बिस्किटं, भिंतीशी लावलेली टेबलं आणि त्यावर काळ्या कापडावर मांडलेल्या महिन्याभरातल्या वस्तू. शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या, कापडाच्या गठ्ठ्यांवर मारायची शिशाची मोहर, बुटांची बक्कलं, अंगुस्तान, झिजून गुळगुळीत झालेले जॉर्ज राजांचे पैसे. निवृत्त इलेक्ट्रिशियन, नर्स, ट्रक चालवणारा, शाळेतले एक शिक्षक. सगळे गोरे, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. आमच्याकडे क्षणभर पाहिलं गेलं, मग कुणीतरी चहा आणून दिला.

चिटणीसांनी स्पष्ट सांगितलं की सदस्यसंख्या भरली आहे, नाव प्रतीक्षायादीत लिहून घेतो. शेतं मोजकी, माणसं जास्त, म्हणून बऱ्याच क्लबांत हेच ऐकू येतं. तरुणाचा चेहरा उतरला. तेवढ्यात शिशाच्या मोहरांच्या टेबलामागची बाई म्हणाली, "यादीतलं नाव पुढे सरकेल तेव्हा सरकेल. तू बैठकीला येत राहा. आणि पुढच्या रविवारी माझ्याबरोबर चल, पण मशीन घरी ठेवून. आधी ऐकायला शिक."

मला तिचा हा सल्ला फार मोलाचा वाटला. नवखा माणूस साधारण उलट करतो. पैसे भरून मोठ्या मेळाव्याला जातो, जिथे शेकडो लोक एकाच रानावर सुटतात, कुणी कुणाला ओळखत नाही आणि संध्याकाळी जो तो आपापली पिशवी घेऊन पांगतो. मेळाव्यांत चांगली माणसं भेटतात हे खरं. पण शिकायला ती जागा नव्हे. २०१४ च्या डिसेंबरात बकिंगहॅमशरमधल्या लेनबरोला अशाच एका क्लबच्या मेळाव्यात पाच हजारांहून अधिक अँग्लो-सॅक्सन नाणी निघाली. नोंदणी अधिकारी तिथे हजर होत्या म्हणून ती नीट नोंदली गेली, तरीही काम घाईने उरकल्याची टीका पुरातत्त्वज्ञांनी केली. एवढ्या डोळ्यांदेखत आणि मावळत्या उजेडात धीर धरणं कुणालाही जडच जातं.

त्या सभागृहाच्या एका कोपऱ्यात नोंदणी अधिकारी बसल्या होत्या. एफएलओ म्हणतात त्यांना. जिल्ह्याजिल्ह्यात असे अधिकारी आहेत, पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या ब्रिटिश म्युझियमच्या योजनेखाली. १९९७ मध्ये काही जिल्ह्यांपुरती सुरू झालेली ही योजना २००३ मध्ये साऱ्या इंग्लंड-वेल्समध्ये पोचली आणि तिच्याकडे आज पंधरा लाखांहून जास्त वस्तूंच्या नोंदी आहेत. लोक रांगेने येत होते. प्रत्येक वस्तू छोट्या पिशवीत, पिशवीवर क्रमांक, सोबत नकाशावरचा संदर्भ, हातात पावती. फोटो काढून, वजन-माप घेऊन वस्तू पुढे मालकाला परत मिळते. ज्याला कुणीच ओळखत नाही त्या नवख्याने पहिला फोन यांना करावा. जवळपास कुठला क्लब प्रामाणिक आहे, कोणते लोक सगळं दाखवतात आणि कोण फक्त चांदी दाखवतं, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

हा विश्वास सहज आलेला नाही. १९८० मध्ये पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टरवाल्यांविरुद्ध देशव्यापी मोहीम उघडली होती. त्यानंतर काही वर्षांतच सरे परगण्यातल्या वॉनबरोचं रोमन मंदिर रात्रीच्या चोरांनी अक्षरशः ओरबाडलं आणि जुना कायदा त्यांना धडपणे अडवू शकला नाही. पण आमच्या सफोकशेजारच्या नॉरफोकमध्ये टोनी ग्रेगरी आणि बार्बरा ग्रीन यांच्यासारखी म्युझियमची माणसं त्याच काळात क्लबांच्या बैठकांना जाऊन बसत होती. मांडलेल्या वस्तू ओळखून देत होती, नोंदी घेत होती. पुढची राष्ट्रीय योजना ज्या वाटेने गेली ती वाट नॉरफोकने आधी पाडली होती.

रविवारी गव्हाची कापणी झालेल्या रानात आम्ही तिघं गेलो. धसकटं घोट्याएवढी, माती वरून कोरडी आणि खाली ओली. बाईंनी कानावरचा एक हेडफोन तरुणाला दिला. लोखंडाचा आवाज घोगरा, तुटक. अॅल्युमिनियमच्या चपट्या तुकड्याचा फसवा गोड. चांदीचा उंच आणि दोन्ही बाजूंनी सारखाच. तबकडी जमिनीला समांतर, झाडून काढल्यासारखी न फिरवता, टोकांना वर न उचलता, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढवून. दुपारपर्यंत काडतुसांची पितळी बुडं आणि एक मोडका चमचा. तरुणाला खणायची घाई होती. बाई म्हणाल्या, "नांगराच्या खोलीपर्यंत आपलं राज्य. त्याखालची माती हलली नसेल तर थांबायचं. तिथून पुढे ज्याचं काम आहे त्याला बोलवायचं."

मग एक बारीक आवाज आला. एक वीतभर खाली, ढेकळात चिकटलेला नखाएवढा चांदीचा अर्धगोल. मला वाटलं तुटलेलं नाणं. बाईंनी ते तळहातावर ठेवून सरळ कडेवरून बोट फिरवलं. तुटलेलं नव्हतं, कापलेलं होतं. तिसऱ्या हेन्रीच्या पेनीवर १२४७ पासून क्रूसाचे हात काठापर्यंत नेले गेले, कारण लोक काठ कातरून चांदी चोरत. त्याच रेषेवरून कात्री चालवून लोक पेनीचे अर्धे आणि पाव तुकडे करत, तोच त्यांचा सुटा पैसा. साडेसातशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी कनवटीचा हा अर्धा पैसा निसटला. बाईंनी फोनवर जागेचा दहा आकडी संदर्भ वाचला, म्हणजे एक मीटरपर्यंत अचूक, आणि तो तरुणाकडून पिशवीवर लिहून घेतला. खड्डा बुजवून पायाने दाबून घेतला. पितळी बुडंसुद्धा खिशात टाकून परत आणली.

खऱ्या सोबतीचा सर्वांत मोठा दाखला या सफोकमध्येच आहे. रेंडलशम गावात २००७ च्या सुमारास एका जमीनमालकाच्या ध्यानात आलं की रात्री चोरटे यंत्रं घेऊन शेतात येतात. त्याने जिल्ह्याच्या पुरातत्त्व विभागाला सांगितलं. विभागाने चार अनुभवी स्थानिक डिटेक्टरवाल्यांना बोलावलं. त्या चौघांनी वर्षानुवर्षं, सुमारे दीडशे हेक्टर रान पद्धतशीर चालून काढलं, प्रत्येक वस्तूची जागा नोंदवत. त्यातून सुटन हूच्या प्रसिद्ध नौका-दफनापासून काही मैलांवर पूर्व अँग्लियाच्या राजांची वस्ती उजेडात आली. आठव्या शतकात बीड या भिक्षू-इतिहासकाराने जिचा उल्लेख केला होता, तीच. २०२२ मध्ये तिथे २३ मीटर लांबीच्या राजगृहाचा पाया सापडला, पुढच्या वर्षी देवळासारखी एक वास्तू. पण मला यातलं सर्वांत थोर वाटतं ते हे की २०१४ मध्ये जाहीर होईपर्यंत त्या चौघांनी जागेचं नाव बाहेर फुटू दिलं नाही. हातात सोन्याचं नाणं असताना घरी, क्लबात, कुठेही बोलायचं नाही, ते एकदा नव्हे तर सहा वर्षं.

जर्सी बेटावरचे रेग मीड आणि रिचर्ड माइल्स हे दोघे मित्र असेच. एका बाईच्या वडिलांना शेतात जुनी नाणी मिळाली होती एवढ्या ऐकीव माहितीवर त्यांनी तीस वर्षं शोध घेतला. शेतकरी पीक निघाल्यावर वर्षाकाठी काही तासच रान मोकळं देई. २०१२ मध्ये केल्टिक नाण्यांचा ढीग लागला, सुमारे सत्तर हजारांचा. दोघांनी खणणं थांबवून तज्ज्ञांना बोलावलं आणि सगळा ढीग एकसंध उचलला गेला.

नवख्यांसाठी तर खास दाखला म्हणजे २०१९ चा च्यू व्हॅलीचा निधी. सॉमरसेटच्या त्या भागात सात जणांची टोळी जानेवारीच्या पावसात शेतात होती. मित्राला यंत्र शिकवणं चाललं होतं आणि पहिलं नाणं त्या शिकणाऱ्यालाच मिळालं. शेवटी २,५८४ निघाली: १०६६ मध्ये हेस्टिंग्जला पडलेला हॅरॉल्ड आणि त्याला हरवणारा विल्यम, दोघांची. २०२४ मध्ये ती ४३ लाख पौंडांना सार्वजनिक संग्रहात आली. निम्मे मालकाचे, निम्मे सात जणांचे. अशा वेळी कागदावर आधी ठरलेलं असणं फार बरं. २००९ मध्ये स्टॅफर्डशरचा सोन्याचा खजिना ३२ लाख ८५ हजार पौंडांचा ठरला, त्यानंतर शोधणारा आणि शेतकरी यांच्यात पैशांवरून कायमचं वितुष्ट आलं. शेतकऱ्याशी आणि जोडीदाराशी वाटणीचं दोन ओळींचं लेखी पत्र पहिल्या फेरीआधीच व्हावं. अविश्वास म्हणून नव्हे. मैत्री टिकावी म्हणून.

तरुण मला गाडीत म्हणाला, "ताई, आपल्याकडे हे करता येईल? गडाच्या पायथ्याला?" मी नाही म्हटलं, आणि इथेही तेच लिहिते. संरक्षित गडावर किंवा त्याच्या हद्दीत यंत्र घेऊन खणणं गुन्हा आहे. २०२५ च्या मार्चमध्ये ‘छावा’ चित्रपट पाहून बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन मोहरांसाठी शेतं उकरत होते. गर्दी भरपूर होती, पण तिथल्या खड्ड्यांतून निघालेल्या वस्तूची जागा लिहून ठेवणारं कुणी नव्हतं.

जागा हरवली की काय होतं हे श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादने आपल्याला दाखवलं आहे. १९७४ मध्ये तिथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले, सगळं मिळून साठ किलोंहून जड. आज ती संग्रहालयाची शान आहेत. पण उत्खननातल्या थरात ती सापडली नव्हती, त्यामुळे ती नक्की कोणत्या काळाची यावर डी. पी. अगरवालांसारख्यांनी घेतलेली शंका पुरती मिटलेली नाही. उलट १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला मिळालेली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी विखुरण्याआधी अभ्यासकांपर्यंत पोचली. त्यातल्या दोन तृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला दिसला आणि क्षत्रपांवरचा सातवाहनांचा विजय धातूत वाचता आला.

आपला निखात निधीचा कायदा १८७८ चा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. खरा मालक पुढे आला नाही तर चारपैकी तीन हिस्से ज्याला सापडलं त्याचे, एक जागेच्या मालकाचा. पण सरकारने तो घ्यायचा ठरवला तर मोबदला धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त, एवढाच. नांगराला मडकं लागलेला शेतकरी सोनाराकडे जातो, कारण सोनार तालुक्यात आहे आणि रोख देतो. यंत्रांची हौस आपल्याकडे आणावी असं मला वाटत नाही. सभागृहाच्या कोपऱ्यातलं ते टेबल मात्र आणावं. ठरल्या दिवशी तालुक्याला बसणारा एक माणूस, जो मडक्यातलं नाणं पाहील, जागा लिहून घेईल, पावती देईल आणि पोलिसांची भीती न घालता वस्तू परत करील किंवा रास्त भाव मिळवून देईल. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, पुण्यात डेक्कन कॉलेज आहे. माणसं तयार करायला या दोन जागा पुरेशा आहेत. सुरुवात सिन्नर आणि श्रीरामपूर या तालुक्यांपासून करावी. जोगलटेंभी पहिल्यात आहे, दायमाबाद दुसऱ्यात.